आधी इंजिन ठरव, मग गाडी

ताराबाई पार्क, कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता नीट बघितला. सहा गाड्या, प्रत्येकीचे तीन-चार व्हेरियंट, किमती, सनरूफ, स्क्रीनचा आकार, आणि खाली प्रश्न : "काका, यातली कुठली घेऊ?" फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तुझ्या पंधरा-वीस लाखांना न्याय दिल्यासारखं झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून मी उभा जन्म गाड्या बघण्यात घालवला, त्यातल्या बहुतेक अपघातानंतर किंवा पुरानंतरच्या. त्यामुळे शोरूममध्ये कुणी बोलत नाही अशा काही गोष्टी मला माहीत आहेत.

तुझ्या तक्त्यात पहिला रकाना कंपनीचा आहे, दुसरा व्हेरियंटचा, आणि इंजिन अगदी शेवटी, तेही नुसतं "1.5" एवढंच. हा क्रम उलटा कर. आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी ठरव, मग व्हेरियंट, आणि कंपनी शेवटी. ह्युंदाई क्रेटाचंच बघ. साधं 1.5 पेट्रोल, 1.5 टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं) पेट्रोल आणि 1.5 डिझेल अशी तीन इंजिनं एकाच नावाखाली विकली जातात. बाहेरून गाडी तीच, पण घाटात चालवायला बसलीस की तिन्ही वेगळ्या.

आता तुझं चालवणं बघू. राजारामपुरीतून कागलच्या एमआयडीसीला रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. महिन्या-दोन महिन्यांनी आई-बाबांना घेऊन कुडाळला आजोळी. अधूनमधून पुणे. सगळं धरून वर्षाला 15,000 किलोमीटर होतील. यातला कागलचा रस्ता कुठलीही गाडी आरामात काढेल. पुण्यालाही कुणी अडणार नाही. तुझ्या गाडीची खरी परीक्षा कुडाळहून परत येताना आहे. फोंड्यातून दाजीपूरकडे चढताना गाडीत चार माणसं, डिकीत नारळ, तांदळाचं पोतं, मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या, एसी चालू, आणि पुढे रांगत चढणारा ट्रक. वळण संपलं की ओव्हरटेकला जेमतेम शंभर-दीडशे मीटरचा सरळ तुकडा मिळतो.

तिथे टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारी ओढ, लागतो. तो एनएममध्ये मोजतात, आणि तो किती आहे यापेक्षा किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांना) मिळतो हे महत्त्वाचं. क्रेटाच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क सुमारे 144 एनएम, तोही 4,500 आरपीएमला. होंडा एलिव्हेटचा 145 एनएम, 4,300 ला. म्हणजे चढावर ट्रकच्या मागे 2,000 आरपीएमवर रेंगाळत असशील तर ही इंजिनं अजून जागी व्हायची असतात. गिअर दोन पायऱ्या खाली घ्यायचा, इंजिन ओरडू द्यायचं, मग गाडी निघते. डिझेल क्रेटाचे 250 एनएम 1,500 आरपीएमपासूनच हातात असतात. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगनचं 1.0 टीएसआय हे तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, पण टर्बोमुळे 178 एनएम देतं आणि तेही खालच्या आरपीएमला. कागदावर "एक लिटर" वाचून त्याला तू तक्त्यातून काढून टाकलंस, ते परत आत घे.

साधं पेट्रोल वाईट नाही, बरं का. ज्याचं चालवणं गावातल्या गावात आहे, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, त्याने तेच घ्यावं. दुरुस्तीच्या भानगडी कमी, इंजिन शांत, किंमत कमी. तुझ्या फेऱ्या त्यात बसत नाहीत, एवढंच.

हायब्रिडबद्दल विचारलं होतंस. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचं (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीचं) अधिकृत मायलेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे, आणि गर्दीत थांबत-चालत जाणाऱ्याला तिचा खरा फायदा मिळतो. पण बॅटरी डिकीखाली बसवलेली असल्यामुळे सामानाची जागा बरीच कमी होते. तुमच्या घरचं कोकणातून येणारं सामान मी पाहिलेलं आहे. शोरूममध्ये जाशील तेव्हा डिकी उघडून स्वतः बघ.

गिअरबॉक्सवर थोडं थांबतो, कारण तुझा जीव जडलाय तो क्रेटा-सेल्टॉसच्या टर्बो पेट्रोल डीसीटीवर, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकवर. चालवायला ती गाडी झकास आहे, 160 पीएस ताकद आहे, मोकळ्या हायवेवर मजा येईल. पण त्या डीसीटीत ड्राय क्लच (तेलाने थंड न होणारे) असतात. चढावर, गर्दीत, एक-एक फूट पुढे सरकताना ते क्लच घासत राहतात आणि तापतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेची किंवा सुट्टीतल्या पन्हाळ्याची गर्दी डोळ्यांसमोर आण. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (ज्यात क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे जाते) जरा सुस्त वाटतं, पण असल्या रांगण्याला ते पुरून उरतं. डिझेल क्रेटा-सेल्टॉसला आणि 1.0 टीएसआयला तेच मिळतं. सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) गावात मऊ चालते. घाटात मात्र इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. मॅन्युअल चालवायला तुला कंटाळा नसेल तर मॅन्युअल घे आणि लाखभर रुपये वाचव. पण तुझी आई कधी तरी गाडी चालवणार असेल आणि तिचा गुडघा दुखतोय, तर ऑटोमॅटिकच घे, त्यावर हिशेब करत बसू नको.

डिझेल की पेट्रोल, याचा हिशेब मात्र कर. सोयीसाठी पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 रुपये धरू. टर्बो पेट्रोल प्रत्यक्षात 13 चं मायलेज देईल, म्हणजे किलोमीटरला 8 रुपये. डिझेल 18 देईल, म्हणजे साधारण 5 रुपये. फरक 3 रुपयांचा. डिझेल गाडी रस्त्यावर यायला पावणेदोन लाख जास्त लागत असतील तर ते साधारण 60,000 किलोमीटरला वसूल होतात. तुझ्या चालवण्याने चार वर्षं. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असशील तर डिझेल परवडतं, चार वर्षांत बदलणार असशील तर नाही. दोन गोष्टी अजून आहेत. 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांना डीपीएफ (धूर गाळणारा फिल्टर) असतो, त्यात काजळी साठते आणि ती जळून जायला गाडी अधूनमधून एका वेगाने वीस-पंचवीस मिनिटं पळावी लागते. राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढंच जिचं जग आहे त्या डिझेल गाडीचा डीपीएफ दिवा हमखास लागतो. तुझा कागलचा हायवे रोजचा, म्हणून तुला ती भीती कमी. दुसरं, पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. आपल्या भागातल्या उसापासूनही ते बनतं, चांगली गोष्ट आहे. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असते, तेव्हा जुन्या मायलेजच्या गप्पांवर विसंबू नको.

व्हेरियंटकडे येतो. इथे मला तुझ्याशी भांडायचंय. तू सगळीकडे टॉप मॉडेल लिहिलंयस, कारण त्यात पॅनोरामिक सनरूफ आहे. बाळ, गळीत हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या रस्त्यांवर रात्री काय चालतं ते तू रोज बघतेस. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, टेललॅम्प नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. अशा ट्रॉलीला मागून धडकलेल्या गाड्या मी बघितल्यात. बंपर आणि बॉनेट खालून सरकून आत जातात आणि ट्रॉलीची कड थेट काचेवर येते. गाडीच्या पुढच्या भागाने जो मार स्वतः खायचा असतो, तो खायची त्याला संधीच मिळत नाही. तिथे एअरबॅगच्या आधी उपयोगाला येतो तो चांगला हेडलॅम्प. म्हणून व्हेरियंट निवडताना पहिला प्रश्न हा विचार : यात हेडलॅम्प एलईडी आहेत की हॅलोजन? अनेक गाड्यांत खालच्या दोन व्हेरियंटला साधे दिवे असतात आणि मधल्यापासून पुढे एलईडी. शक्य असेल तर रात्री टेस्ट ड्राइव्ह माग. शोरूमवाले कुरकुर करतील, तरी माग.

मग सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), मागच्या तिन्ही सीटला तीन बिंदूंचे बेल्ट, मागचा वायपर, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा. पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा अंबा घाटाच्या धुक्यात मागच्या काचेचा डिफॉगर नसेल तर मागचं काहीच दिसत नाही. अपघात-चाचणीत मिळालेले सुरक्षेचे तारे बघताना मोठ्यांचे आणि लहान मुलांचे वेगवेगळे बघ, आणि चाचणी कुठल्या साली झाली तेही बघ. भारत एनकॅप ही आपली चाचणी 2023 मध्ये सुरू झाली, त्याआधीच्या चाचण्या ग्लोबल एनकॅपच्या. कुशाक-टायगनला 2022 मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीत पाच तारे मिळाले होते. एडासमधलं (कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेतलं) आपोआप ब्रेक लागणं पुण्याच्या रस्त्यावर उपयोगी आहे. लेनचं साहाय्य आपल्या घाटात, जिथे पट्टेच पुसलेले, तिथे बंद करूनच ठेवशील. मोठी अलॉय चाकं फोटोत छान दिसतात, पण टायरची भिंत बुटकी होते आणि खड्ड्यात टायर फुटतो, रिम वाकते. हायवेच्या सहापदरीकरणात सेवारस्त्यांची काय दशा झाली ते तुला सांगायला नको. थोडक्यात, मधला व्हेरियंट. त्यातून वाचणारे दीड-दोन लाख इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये घाल.

किमतीत एक खोच आहे. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के आणि डिझेलला 14 टक्के रोड टॅक्स आहे. 20 लाखांच्या वर गेलं की एकेक टक्का वाढतो, आणि तो पूर्ण रकमेवर. 19.90 लाखांची पेट्रोल गाडी सोडून 20.30 ची घेतलीस तर 40 हजारांचा फरक टॅक्ससकट 65 हजारांचा होतो. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घ्यायचा आयकर) कापतात, तो रिटर्न भरताना तुझ्या खात्यात धरला जातो, पावती जपून ठेव. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना जीएसटी 18 टक्के आणि तुझ्या यादीतल्या सगळ्यांना 40 टक्के आहे. नेक्सॉन किंवा एक्सयूव्ही 3एक्सओ या छोट्या गाड्यांचं डिझेल त्या 18 टक्क्यांत येतं. मागच्या सीटवर आई, बाबा आणि आजी बसणार नसत्या तर मी तुला मिडसाइजकडे, म्हणजे तुझ्या यादीतल्या चार मीटरहून लांब गाड्यांकडे, जाऊच दिलं नसतं.

कर्ज सात वर्षांचं घेऊ नको. 9 टक्क्यांनी 10 लाखांवर पाच वर्षांचा हप्ता 20,758 येतो, सात वर्षांचा 16,089. हप्ता हलका वाटतो, पण पाच वर्षांच्या मानाने व्याज लाखाहून अधिक जास्तीचं जातं.

विमा शोरूमचाच घ्यायला पाहिजे असा नियम नाही. बाहेरचे दर विचार, त्यांच्यासमोर ठेव. झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन (पाण्याने बिघडलेल्या इंजिनाची भरपाई) ही दोन्ही घे, कोल्हापुरात राहून दुसऱ्यावर काटकसर करू नको. 2019 आणि 2021 च्या पुरात पाण्यात बुडून बंद पडलेल्या गाड्यांपेक्षा, पाणी ओसरल्यावर मालकाने स्टार्टर मारून इंजिन मोडलेल्या गाड्या बघताना मला जास्त वाईट वाटलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन दाबायला गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडायला लागली की गाडी उंचावर नेऊन लाव. पाण्यात अडकलीच तर स्टार्ट करू नको, टो करून आण. एसयूव्ही उंच असते म्हणून शिरोलीच्या पाण्यात घालायची, हा विचार कधी करू नको. इंजिनात हवा घेणारं तोंड बॉनेटखालीच असतं.

टेस्ट ड्राइव्हसाठी शोरूममध्ये बहुतेक टॉप मॉडेलच उभं असतं. तुला घ्यायच्या इंजिन-गिअरबॉक्सचीच गाडी माग, नसेल तर येईपर्यंत थांब. घरचे चौघे बसा, एसी लावा, आणि पन्हाळ्याच्या चढावर न्या. मध्येच थांबून पुन्हा उचलून बघ. आईला मागच्या सीटवर चढ-उतार करायला लाव, आजीला तर नक्कीच. आजीचा पाय उंबरठ्यावर अडखळत असेल तर ती गाडी यादीतून काढ.

मी तुझ्या जागी असतो तर डिझेल ऑटोमॅटिकचा मधला व्हेरियंट घेतला असता. बजेट ताणलं जात असेल तर 1.0 टीएसआय ऑटोमॅटिक. या दोन्ही चालवून बघितल्याशिवाय डीसीटीचं बुकिंग करू नको.

पाडव्याला गाडी दारात हवी असेल तर आत्तापासून हालचाल कर, सणाच्या तोंडावर सवलत मिळेलच असं नाही. बिलात "हँडलिंग चार्जेस" दिसले तर काढायला सांग. पासिंग व्हायच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघ : चासी नंबरवरून बनवल्याचा महिना, ओडोमीटर, रंगातला फरक, आणि टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे. 3525 असेल तर टायर 2025 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. चारही टायर आणि स्टेपनी बघ. रविवारी मी मोकळा आहे, सकाळी सातला घरी ये, पहिली टेस्ट ड्राइव्ह आपण दोघं मिळून करू.

तुझा,
काका