सभा गावात, मेळावा वर्ध्यात

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी कळंब तालुक्यातल्या एका गावात नोंदलेली आहे. सभासद १२०. वार्षिक सभा दरवर्षी त्याच समाजमंदिरात होते. यंदा ती सभा आणि कापूस खरेदीदारांची बैठक एकाच दिवशी, नागपूर किंवा वर्ध्यात जरा वेगळ्या जागी घ्यावी म्हणतो. जागा कशी निवडावी?
– एक संचालक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी दोन्ही कार्यक्रम वेगळे करा. उत्पादक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावात घ्यावी लागते. तीही सार्वजनिक सुटी टाळून, कामकाजाच्या वेळेत, किमान १४ दिवस आधी नोटीस देऊन. वर्ध्याला नेलीत तर उद्या एखादा नाराज सभासद ठरावांवर बोट ठेवेल. खरेदीदारांच्या बैठकीला हे बंधन नाही.

त्या बैठकीला वर्धाच बरं. नागपूरला दिवस रस्त्यात जातो आणि जेवणानंतर निम्मी मंडळी सीताबर्डीच्या बाजारात दिसतात. वर्ध्यात १९३८ पासूनचं मगन संग्रहालय आहे, खादी-ग्रामोद्योगाचं. सकाळी तासभर तिथं चरखे-सूत पाहून मग ओलावा, धाग्याची लांबी, दर यावर बसा. कापूसवाल्यांना लग्नाच्या हॉलपेक्षा ते शोभतं. साप्ताहिक सुटी आधी विचारा. सेवाग्रामला जागा घेतलीत तर जेवण शाकाहारी, खर्रा (तंबाखू-सुपारी) गेटबाहेर, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी माईक बंद.

हॉल पाहायला दुपारी जा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला तर मागच्यांना भाषण कळणार नाही. अशा वेळी आवाज वाढवला की घुमणंही वाढतं. त्यापेक्षा कमी आवाजाचे दोन स्पीकर हॉलच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना लावा. भरलेल्या हॉलमध्ये घुमणं थोडं कमी होतं, पण त्यावर विसंबू नका. पडदे नसतील तर दुपारी प्रोजेक्टरवर दराचा तक्ता कोणालाच दिसत नाही; तो छापून वाटा. रांगेत खुर्च्या मांडल्या तर माणशी १०-१२ चौरस फूट धरा, मंच आणि वाट वेगळी. जनरेटर ‘आहे’ म्हटलं की चालवून दाखवायला सांगा, पंखे आणि माईक एकदम लावून.

साध्या एसटीत साधारण ४४ बसतात, म्हणजे तीन गाड्या. आगारात ‘प्रासंगिक करार’ म्हणून मागा. तारीख कापूस वेचणी आणि चणा काढणी सांभाळून ठरवा.

प्रश्न : खरेदीदारांचा मेळावा मे महिन्यात लॉनवर, कूलर लावून घेतला तर?

उत्तर : सकाळी सात ते साडेनऊ, त्यानंतर नको. मंडप चारही बाजूंनी बंद करून कूलर लावतात, तिथंच चुकतं. ओली हवा बाहेर जात नाही आणि लोक आतच शिजतात. कूलरसमोरची बाजू उघडी ठेवा. पाणी माणशी चार लिटर धरा.