गूगल असताना कॉलेजच्या लायब्ररीतले रिसर्च डेटाबेस कशाला वापरायचे, आणि कसे?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सरांनी रिसर्च डेटाबेस, म्हणजे संशोधन-लेख शोधायचे ऑनलाइन संग्रह, बघायला सांगितले, पण तिथे काहीच सापडत नाही. मग गूगलवर भागवलं तर काय बिघडलं? मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. ही तक्रार दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण शोधायचं कसं हे मुलांना कुणी शेजारी बसून दाखवलेलंच नसतं.

मागे काटोलकडचा एक मुलगा आला होता. विषय, संत्र्याची झाडं का वाळतात. "मॅडम, काही येऊनच नाही राहिलं." बघितलं तर गूगलला विचारतो तसा अख्खा प्रश्न इंग्रजीत टाकलेला. मी विचारलं, "घरी या रोगाला काय म्हणता?" म्हणाला, "डिंक्या." खोडातून डिंक ओघळतो म्हणून डिंक्या. शास्त्रात त्याला 'गमोसिस' म्हणतात आणि तो 'फायटोप्थोरा' या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. 'सिट्रस' आणि 'फायटोप्थोरा' यांच्यामध्ये 'अँड' (AND, म्हणजे दोन्ही शब्द असलेलेच लेख) घालून शोधलं, तर स्क्रीनभर लेख आले, जगभरातल्या लिंबू-मोसंबीचे. मग 'नागपूर मँडरिन', म्हणजे आपलं नागपुरी संत्रं, हे दोन शब्द अवतरणचिन्हांत जोडले, तेव्हा कुठे यादी आवाक्यात आली. डेटाबेसला प्रश्न कळत नाही, त्या विषयातले शब्द कळतात. ते शब्द शोधण्यातच पहिला तास जातो, आणि तो जाऊ द्यावा. एक चांगला लेख हाती लागला की सारांश वाचा आणि थेट शेवटच्या संदर्भांवर या. पुढचे पाच लेख तिथेच मिळतात.

गूगलवर शोधायला माझी ना नाही. पण तिथे बऱ्याचदा लेखाचं नाव दिसतं आणि उघडायला गेलं की पैसे मागतात. तेच नियतकालिक तुमच्या कॉलेजला आधीच उपलब्ध असू शकतं. कॉलेज 'एन-लिस्ट'चं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचं, सदस्य असेल तर ग्रंथपालांकडून तुमच्या नावाचं लॉगिन मिळतं, घरूनही चालतं. शासकीय संस्थांसाठी १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना आहे. त्यात जवळपास १३,००० नियतकालिकं येतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का, तेही ग्रंथपालांनाच विचारा.

आणि लॉगिन मिळेपर्यंत 'शोधगंगा' उघडा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. विदर्भातल्या विषयावर कुणी आधी काम केलंय का, हे मी सगळ्यात आधी तिथेच बघते.