खिडकीवरचा काळा कागद

प्रश्न: मुलगा २४ वर्षांचा. एमपीएससीत दोनदा थोडक्यात हुकलं, तसा पुण्याहून घरी आला. डॉक्टरांनी नैराश्य सांगून गोळ्या सुरू केल्यात. पहाटेपर्यंत जागतो, बाराला उठतो. झोपमोड नको म्हणून मी खिडकीला काळा कागद लावलाय. त्याचे वडील रोज ‘आळशी’ म्हणून ओरडतात. त्यांना कसं समजावू? – एक आई, गेवराई

ताई, मालकांचं नंतर बघू. तुम्ही जाता जाता लिहिलेला तो काळा कागद मला जास्त सलतोय. तो आजच काढा.

लेकराची झोप जपताय, कळतं मला. पण दुपारपर्यंत अंधार करून तुम्ही त्याचा आजार जपताय. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. सकाळचा उजेड ते पुढे आणतो, म्हणजे झोप लवकर येते; रात्रीचा मोबाईल मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते. झोपेची वेळ अशी सरकत गेली की खचलेलं मन आणखी खचतं. म्हणून तर नैराश्यात सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसवतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली पाचशे लक्ससुद्धा मुश्किलीने मिळतात. दारातल्या कडुनिंबाच्या सावलीत मात्र काही हजार मिळतात, तेही फुकट.

पण उद्याच त्याला सहाला गदागदा हलवून उठवू नका. शरीराची रात्र संपायच्या आत उजेड पडला, तर घड्याळ उलट आणखी मागे जातं. उद्या साडेअकराला उठवा. हातात चहा द्या, झाडाखाली बसवा, शेजारी तुम्ही बसा. परीक्षेचं नाव काढायचं नाही. दोन-तीन दिवसांनी अकरा, मग साडेदहा, असं करत सातवर या. ती वेळ रविवारीही मोडायची नाही. रात्री दहानंतर दिवे मंद, आणि मोबाईल तुमच्या उशाशी.

गोळ्या चालूच राहतील. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना फोन मात्र करा. मधे कधी झोप नसतानाही त्याच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं का, अखंड बडबड, वारेमाप बेत, वारेमाप खर्च? असेल तर ते सांगाच. तसा, कधी उदासी तर कधी उन्माद असा आजार (बायपोलर) असला तर सकाळचा प्रखर उजेड त्याला दुसऱ्या टोकाला नेऊ शकतो. मग उजेडाची वेळ डॉक्टरच ठरवतील.

मालकांना एवढंच सांगा, ओरडायचं बंद, चहाला झाडाखाली यायचं.

आणि ‘जगून काय करू’ असं त्याच्या तोंडून एकदा जरी निघालं, तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.