दिवसभर लागतच नाही

सांगलीहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. वय 56, हळदीच्या गोदामात निवडायला जातात. तक्रार सुनेची. घरात बाथरूम एकच, यांना लघवीला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि सून बाहेरून दार वाजवते, "अहो आत्या, झालं का?" पोरांसमोर असं विचारते, मान म्हणून ठेवत नाही, तिला कसं समजावू, असं विचारलंय. सहा महिन्यांत तीनदा उन्हाळी लागली, बारा वर्षं साखर आहे, हेही ओघात येऊन गेलंय. आणि शेवटी एक ओळ: "कामावर बायकांची सोय नाही, पण माझं काही अडत नाही. सकाळी सहाला जाते ती थेट संध्याकाळी पाचला. बाकीच्यांसारखी माझी रड नसते, मला लागतच नाही."

बाई, सुनेचं राहू द्या. ती शेवटची ओळ तुम्ही कौतुकानं लिहिलीत आणि मी ती वाचून धास्तावले.

अकरा तास लघवी लागत नाही हा काटकपणा नाही. मूत्राशयात साधारण 150 ते 250 मिली साठलं की जाणीव व्हायला लागते, 400-500 मिलीला बसवत नाही. तुम्हाला ती जाणीवच होत नाही. वर्षानुवर्षं साखर असली की ज्या नसा निरोप पोचवतात त्या बधिर होतात. त्यात रोज तास न् तास तुंबवून ठेवलं की पिशवी ताणून सैल पडते, तिला आवळून लघवी बाहेर टाकायचा जोर राहत नाही. नळ सोडून बसते, पुढे वाकून ओटीपोट दाबते तेव्हा कुठे थेंब थेंब सुरू होते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे निम्मी आतच राहत असणार, अशी मला दाट शंका आहे. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं ना, तसं त्या उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. दर वेळी गोळ्यांचा कोर्स करता, पण साचलेलं तसंच असेल तर उन्हाळी पुन्हा लागणारच. असंच चालू राहिलं तर दाब वर किडनीपर्यंत जातो.

आणि सून? त्या घरात ती एकटीच आहे जिला कळलं की आत्यांना वेळ लागतोय. दार जरा जोरात वाजवत असेल. वाजवू द्या.

तुम्ही एकच करायचं. या आठवड्यात एका दिवसाचा खाडा करा आणि त्याच सुनेला घेऊन मिरजेला मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. कर्नाटकातून लोक रेल्वेनं दवाखान्यासाठी मिरजेला येतात, तुम्हाला तर दहा किलोमीटर. सोनोग्राफी दोनदा करायला सांगा, लघवीच्या आधी आणि नंतर. नंतर पिशवीत किती लघवी उरली त्या आकड्याला तिथे पीव्हीआर म्हणतात. तो 50 मिलीच्या आत असेल तर माझी शंका खोटी, आणि मला आनंदच होईल. 100 च्या वर असेल तर पुढच्या तपासण्या टाळू नका. अंग बाहेर येत असेल तर तेही लाजू नका, सांगा, त्यानंही वाट अडते.

मेडिकलमधून शेजारणीची "वारंवार लघवीची" गोळी आणून घेऊ नका. ती पिशवी आणखी सैल करते. या दुखण्यावर हमखास गुण देणारी गोळी अजून नाही. गुण येतो तो घड्याळानं: लागो न लागो, दर तीन-चार तासांनी जायचं, पोट न दाबता बसायचं, झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा करायची. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवतात. दचकू नका, पुष्कळ बायका घरी स्वतःच्या हातानं करतात. सोय नाही म्हणून पाणी तोडू नका, त्यापेक्षा मालकाशी संडासासाठी भांडा. बाकीच्या बायका तुमच्यासोबत उभ्या राहतील, त्यांची "रड" तीच तर आहे.

मध्येच लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून ताप आला किंवा मांड्यांमध्ये बधिरपणा वाटला, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

आज रात्री सुनेला सांगा, "दवाखान्यात माझ्यासोबत चल." कागदावरचा आकडा काय आला ते मला कळवा.