चारशे वर्षांनी येणार, मग आत्ता कशाला टेन्शन?

प्रश्न: ताई, नेटफ्लिक्सवर मार्च २०२४ मध्ये आलेली थ्री बॉडी प्रॉब्लेम ही सिरीयल आम्ही घरी सगळ्यांनी बघितली, आठही एपिसोड, आणि तेव्हापासून वाद चाललाय. तीन सूर्यांच्या ग्रहावरचे लोक पृथ्वीकडे निघालेत, पोचायला ४०० वर्षं लागणार, अशी गोष्ट. मिस्टर म्हणतात तीन सूर्य वगैरे थापा. सासूबाई (मालवणच्या) म्हणतात, चारशे वर्षांनी येणार ना, मग आत्तापासून कशाला डोक्याला ताप? आणि ट्रेनमधल्या मैत्रिणीने दोन एपिसोडमध्येच सोडली, नुसतंच बोलत बसतात म्हणे. मला मात्र दोन रात्री झोप नाही. माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक, परळ

उत्तर: अजिबात नाही, मलाही झोप लागली नव्हती.

मिस्टरांना सांगा, तीन सूर्य खरे आहेत. आपल्या सूर्याचे सगळ्यात जवळचे शेजारी, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर (म्हणजे तिथला उजेड इथे यायला तेवढी वर्षं लागतात), तीनच आहेत, दोन आपल्या सूर्यासारखे, साधारण ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारणारे, आणि तिसरा छोटा लाल प्रॉक्सिमा, तो इतका लांबून फिरतो की सिरीयलमध्ये दाखवलाय तसा, आज आग उद्या बर्फ, असा गोंधळ तिथे होत नाही. तिघं जवळजवळ असतील तर मात्र त्यांचं पुढचं सगळं फिरणं सांगणारं एक सूत्र मिळत नाही, हे प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाने १८९० च्या सुमाराला दाखवलं. म्हणजे गणित पक्कं आहे, सिरीयलने सूट घेतलीय ती ताऱ्यांच्या जागेत, आणि गोष्टीसाठी मला ती चालते. आणि एक सांगू? यातले दोन मोठे नुसत्या डोळ्यांना मिळून एकच तारा दिसतात, त्याला मराठीत 'मित्र' म्हणतात. शत्रू निघतो तो मित्रावरून, हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

सासूबाईंचा मुद्दा मला पटत नाही. चारशे वर्षांत इथे यायचं म्हणजे सेकंदाला साधारण ३,२०० किलोमीटर, माणसाने १९७७ ला सोडलेलं व्हॉयेजर १ यान सेकंदाला १७ किलोमीटर जातं, त्याला एवढं अंतर कापायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील, मग ४०० म्हणजे अगदी उंबऱ्यात आल्यासारखं झालं ना. आणि त्या मालवणच्या, त्यांनी सिंधुदुर्ग किल्ला कितीदा बघितला असेल. १६६४ मध्ये बांधायला घेतला, पायात शिसं ओतलं, समुद्राच्या लाटा खात तट अजून उभा आहे. शिसं ओतणाऱ्यांनी फक्त स्वतःच्या हयातीचा विचार केला होता का, एवढंच त्यांना विचारा.

मैत्रिणीला म्हणावं पाचव्या एपिसोडपर्यंत थांब, पनामा कालव्यातलं जहाज बघ, मग बोल.

 मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकराला, दक्षिणेला बिल्डिंग आड येत नाही अशा गच्चीवर जा, हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवा. मुठीच्या वरच्या कडेला दोन ठळक तारे शेजारीशेजारी दिसतील, त्यातला डावीकडचा पिवळसर तो मित्र. सासूबाईंनाही घेऊन जा. जो उजेड दिसेल तो चार वर्षांहून जास्त आधी तिथून निघालेला असेल.