घरचंच खातो, मग असं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही दोघंच घरात, बाहेरचं जवळपास खातच नाही, तरी ह्यांचं बीपी वाढलेलं निघालं आणि माझं वजन. डॉक्टर म्हणाले तेल-मीठ कमी करा. अहो पण मी आधीच कमीच वापरते, अजून किती कमी करू? आजाऱ्याचं जेवण करायचं का आता रोज?

उत्तर: "मी कमीच वापरते" हे मीपण वर्षानुवर्षं म्हणत होते हो, आणि अगदी मनापासून. मग एका रविवारी भाजी करताना बाटलीतून नेहमीसारखं तेल ओतलं पण कढईत न ओतता वाटीत ओतलं आणि चहाच्या चमच्याने मोजलं. माझ्या हिशोबाने दोन चमचे असायला हवं होतं, निघाले सात. एका चमच्यात साधारण ४० कॅलरी, म्हणजे मी ८० समजत होते आणि भाजीत जात होत्या २८० च्या आसपास, बरं ही एकाच वेळची एकच भाजी. तेव्हापासून बाटली वरच्या फळीवर गेली आणि ओट्यावर छोटा डबा आणि त्यात चमचा, एवढाच बदल केला. कुठलं तेल चांगलं हे विचारू नका, कॅलरी सगळ्यात ग्रॅमला ९ च, महागातलं घेतलं म्हणून त्या कमी होत नाहीत. आणि हो, तेल पूर्ण बंद पण नका करू, ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी चरबी लागतेच.

मिठाचं मोजमाप जरा वेगळं करा कारण रोज चिमूट कोण मोजत बसणार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचापण पूर्ण भरायचा नाही. तुम्ही दोघं, म्हणजे दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी १०० दिवस तरी पुरली पाहिजे. पुडी फोडली की त्यावर पेनाने तारीख टाका आणि बघा कधी संपते. माझी पहिली पुडी किती दिवसांत संपली ते मी इथे लिहिणार नाही! शिवाय ब्रेड, चीज, सॉस, वेफर्स, सुपाची पाकिटं ह्यातलं मीठ वेगळंच, ते तुमच्या पुडीतून जात नाही म्हणून दिसत नाही, तेव्हा हे घरात येत असेल तर पुडी १०० दिवसांपेक्षा जास्तच टिकायला हवी.

आजाऱ्याचं जेवण अजिबात होत नाही, फक्त एकदम कमी करू नका, थोडं थोडं करत या, काही आठवड्यांत जिभेला सवय होते आणि मग आधीचंच खारट लागायला लागतं. वरून लिंबू पिळा, आलं-लसूण वाढवा, आंबट असलं की मीठ कमी आहे हे लक्षातपण येत नाही. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका, आणि तुमच्या घरी तर गोळ्या सुरू होतीलच बहुतेक, म्हणून आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: ताई मी २४ वर्षांचा, एकटा राहतो. ऑफिसमधून आठ वाजता येतो तेव्हा इतकी भूक लागलेली असते की सरळ ऑर्डर करतो. स्वयंपाक म्हणजे मला भात आणि उकडलेली अंडी, संपलं. काहीतरी सोप्पं सांगा.

उत्तर: अरे भात आणि अंडी येतात म्हणजे अर्धं काम झालंच की. तुझी गडबड अशी आहे की आठ वाजता पोटात आग पडलेली असताना तू ठरवायला बसतोस काय खाऊ, तेव्हा कोणीपण ऑर्डरच करेल, मीपण करेन. ठरवायचं काम सकाळी उरकून टाक. शनिवारी रात्री हरभरे भिजत घाल, रविवारी सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात कुकरला मऊ शिजव, गार झाले की डब्यात भरून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस आरामात जातात. राजमा आणलास तर एक लक्षात ठेव, तो कच्चट राहिला तर उलट्या-जुलाब होतात कारण त्यात एक विषारी घटक असतो आणि तो चांगली खळखळून उकळी आल्याशिवाय मरत नाही, मंद आचेवरच्या स्लो कुकरचा त्याला उपयोग नाही.

मग आठ वाजता आलास की भात लाव आणि तो होईपर्यंत अंघोळ कर, बाहेर येशील तर जेवण दहा मिनिटांवर. कढईत चमचाभर तेल, कांदा, टोमॅटो, मूठभर पालक किंवा फ्रोझन मटार (फ्रोझन म्हणजे निकृष्ट असं काही नसतं), हरभरे, बाजूला दोन अंडी आणि वरून लिंबू. लिंबू नुसतं चवीला नाही, कडधान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह सी जीवनसत्त्वाबरोबर जास्त शोषलं जातं. चहा मात्र जेवणाला लागूनच पिऊ नकोस, त्याने उलटं होतं, तासभर जाऊ दे. प्रोटीनचा हिशोब पाहिजे तर किलोमागे ०.८ ग्रॅम, तुझं वजन ६० असेल तर ४८ ग्रॅम दिवसाला. दोन अंड्यांत १२, शंभर ग्रॅम शिजलेल्या हरभऱ्यात ८-९, म्हणजे या एका जेवणातच जवळपास निम्मं झालं, पावडरचा डबा कशाला पाहिजे.

आणि उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात ते शिजवूनही टिकतात, भात तसाच बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांचं विष दुसऱ्यांदा गरम करून जात नाही. तास-दीड तासात फ्रीजमध्ये टाक, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपव.

प्रश्न: एअर फ्रायर घेऊ का?

उत्तर: आठवड्यातून तीन-चारदा तळण होत असेल तर घ्या, तेल खरंच वाचेल. महिन्यातून एकदा होत असेल तर त्या दिवशी सरळ तळून खा, ओट्यावरची जागा तरी वाचेल.

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा, भाजी बघितली की तोंड फिरवतो. मी पालक-गाजर वाटून सूपमध्ये लपवून घालते. हे बरोबर आहे ना?

उत्तर: घाला की, पोटात जातंय ना. फक्त तेवढ्यावर थांबू नका, कारण सूपमधून खाल्लेलं गाजर त्याला गाजर म्हणून कधी ओळखूच येणार नाही. ताटात रोज दिसेल असा एकच तुकडा ठेवा आणि त्याबद्दल चकार शब्द काढू नका, खाल्लास का नाही, निदान चाख तरी, काही नाही. नवीन चव मुलांना दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर पटते आणि आपण तीन वेळा देऊन "त्याला आवडतच नाही" असं सगळ्यांना सांगत सुटतो, तेही त्याच्यासमोर. "हे खा मग चॉकलेट देते" हे तर आजपासून बंद, त्याने चॉकलेटचा भाव वाढतो आणि गाजराचा पडतो. धुवायला, शेंगा सोलायला त्याला बरोबर घ्या, सोलता सोलता चार मटार तोंडात जातात ते बघितलं नाही असं दाखवा. फ्रीजवर कागद लावून रेघा मारत जा आणि कितव्या रेघेला खाल्लं ते मला नक्की कळवा.