जमीन बालीत, पैसे तुमचे आणि नाव ड्रायव्हरचं?

अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका बडोदेकर मैत्रिणीचं पत्र आलंय, चांगलं चार पानी, त्यात पाच प्रश्न आहेत. चारांची उत्तरं मी शेवटी भराभर देणारे, कारण पाचवी गोष्ट तिने तिसऱ्या पानावर अगदी सहज दोन वाक्यांत उरकलीये आणि ती वाचल्यावर मी पत्र खाली ठेवून आधी ह्यांना हाक मारली.

ती लिहिते, "ताई, घराचं कर्ज फिटलं तरी इथला प्रॉपर्टी टॅक्स काही संपत नाही, रिटायर होऊन न्यू जर्सीत राहणं आम्हाला परवडणार नाही. बालीला दोनदा जाऊन आलो, उबुदच्या बाजूला. भाताची शेतं, जागोजागी देवळं, रोज सकाळी बायका दारात पानाच्या छोट्या टोपलीत फुलं ठेवतात, उदबत्ती लावतात, बघून दांडिया बाजारातली आजी आठवली. खर्च इथल्या निम्म्याहून कमी. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही म्हणून आमच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, फार सज्जन, त्याच्या नावावर घेतोय. वकील म्हणाला सगळे तसंच करतात."

अगं, टॅक्सचं तुझं शंभर टक्के खरं आहे, प्रॉपर्टी टॅक्समध्ये न्यू जर्सी अख्ख्या अमेरिकेत वरच्या नंबरावर आहे, आणि आयुष्यभर थंडीत बर्फ उपसल्यावर उबेत राहावंसं वाटलं तर त्यात चूक काय? आम्ही मस्कतला इतकी वर्षं काढली, परत येताना आम्हीही असेच हिशोब मांडत बसायचो की कुठे किती पुरेल. स्वप्नाला माझी काहीच हरकत नाही. पण "सगळे तसंच करतात" हे वाक्य तुम्ही दोघं शिकलेली माणसं कसं काय मान्य करता गं?

आधी तिथला कायदा नीट ऐक. इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६०चा आहे. पूर्ण मालकी, ज्याला ते हाक मिलिक म्हणतात, ती फक्त त्यांच्या नागरिकाला. आणि नुसतं एवढंच नाही, त्याच कायद्याच्या २६व्या कलमात लिहिलंय की सरळ किंवा आडमार्गाने परदेशी माणसाकडे मालकी जाईल असा कुठलाही व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. वकिलाने तुम्हाला जे जाड बाड करून दिलंय ना, कर्जाचा करार, कुलमुखत्यारपत्र, भाडेकरार, तो हाच आडमार्ग आहे. त्यावर तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परिपत्रकही काढलंय: सर्टिफिकेटवर ज्याचं नाव तोच मालक, पैसे भले परदेशी माणसाने भरलेले असोत. म्हणजे उद्या भांडण झालं तर कोर्टात तुमच्या हातात काय उरतं? बँकेच्या ट्रान्सफरची पावती.

आता तू म्हणशील तो तसा माणूसच नाही. मान्य. माझ्या थोरल्या दिरांचा मित्रही तसा नव्हता.

दीर १९८०च्या सुमारास मस्कतला गेले, आम्हाला पुढे त्यांनीच तिकडे बोलावलं. त्यांना बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या बाजूला शेत घ्यायची फार हौस. गुजरातेत शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते हे तुला माहीतच असेल, आणि आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या, शेतकरी कोण? मग शाळेतल्या मित्राच्या नावावर तीन बिघे घेतले. दीर ड्राफ्ट पाठवायचे, मित्राने विहिरीवर मोटर बसवली, बांधाला केसरची कलमं लावली. माणूस सोन्यासारखा. दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या घरी, लाइटबिलाची पावती सुद्धा जपून ठेवायचा आणि दीर आले की समोर हिशोबाची वही उघडायचा. एक पैशाची फसवणूक त्याने केली नाही.

तो गेला हार्ट अटॅकने, झोपेत. चार-सहा महिन्यांनी दीर सुट्टीवर आले, तलाटीकडून सात-बाराचा उतारा काढला, मी तेव्हा बरोबर होते. मित्राच्या नावाच्या जागी वारसाईने सहा नावं चढलेली, बायको, दोन मुलगे, तीन मुली. दिरांनी तो कागद उलटा करून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली. त्यांचं नाव कुठे असणार? कधी नव्हतंच. मोठा मुलगा बिचारा म्हणाला काका, बाबांनी मला सांगितलं होतं, मी सही देतो. पण सह्या सहाच्या सहा हव्यात, दोन जावयांनी सांगितलं की आमच्या बायकांचा हक्क आहे, तोंडी गोष्टी आम्ही मानत नाही, आणि कायद्याने बघशील तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोर्टात जावं तर १९८८च्या बेनामी कायद्याने खरा पैसेवाला दावाच लावू शकत नाही, आणि २०१६ला त्यात दुरुस्ती झाल्यापासून तर जप्ती आणि तुरुंगसुद्धा आहे. दीर गप्प बसले. आंब्याचा विषय निघाला की अजूनही जाऊबाई उठून आत जातात.

म्हणून सांगते, भरोसा त्या एका माणसावर असतो, त्याच्या वारसांनी तुम्हाला कसलाच शब्द दिलेला नसतो. आणि बालीत तर वारसा परंपरेने मुलग्यांकडे जातो, जमिनीशी घरचं देऊळ, पूर्वज, त्यांचा बंजार म्हणजे वस्तीची मंडळी, सगळं जोडलेलं असतं. त्या ड्रायव्हरचा भाऊ किंवा मुलगा म्हणाला की ही आमच्या घरची जमीन, तर अख्खी वस्ती कोणाच्या बाजूने उभी राहील? भाषा येत नाही, कागद त्यांच्या भाषेत, तुम्ही दोघं सत्तरीच्या घरात. आणि सर्टिफिकेट त्याच्या नावावर म्हटल्यावर उद्या मुलीच्या लग्नाला त्याने ते तारण ठेवून कर्ज काढलं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

मग काय करायचं? भाड्याने राहा. पहिलं वर्ष तरी साधं भाड्याने, पावसाळ्यासकट, कारण तुम्ही दोन्ही वेळा सुट्टीत गेलात आणि सुट्टीतली बाली सगळ्यांनाच आवडते. जानेवारीत भिंतींना ओल येते, कपाटातल्या सिल्कच्या साड्यांना बुरशी, ते एकदा बघा. नंतर मन रमलंच तर लांब मुदतीचा लीज घ्या, २५-३० वर्षांचे मिळतात, आणि तुमच्या वयाला त्याहून जास्त लागतं कशाला? तो लीज मूळ मालकाशी थेट, तिथल्या नोटरीपुढे, दोघांच्याही नावाने. एकट्या मिस्टरांच्या नावाने अजिबात नको, आपल्याकडे बायका इथेच मार खातात. एकजण गेला तर दुसऱ्याला, दोघं गेलात तर मुलीला उरलेली वर्षं मिळतील हे त्यात स्पष्ट लिहून घ्या, आणि मुदत वाढवायची तर भाव कसा ठरणार हेही आत्ताच. मालकाचं सर्टिफिकेट जमीन कार्यालयात तपासून घ्या. प्लॉट हिरव्या पट्ट्यात नाही ना ते बघा, ती भातशेती दिसते तेवढी छान पण तिथे बांधकामाला परवानगी नसते. रस्ता दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर त्याचा हक्कही कागदावर हवा. तिथे जमीन आरमध्ये मोजतात, आपल्या सात-बारावर असतो तोच आर, १०० चौरस मीटर, त्यामुळे भाव सांगितला की तो किती आरचा आणि किती वर्षांचा हे दोन्ही विचारायचं. याशिवाय हाक पकाई म्हणून वापराचा हक्क असतो, तिथला राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला तो स्वतःच्या नावावर मिळतो, आधी ३० वर्षं, मग वाढवून २०, मग नूतनीकरण ३०. खर्चिक आहे, पण नाव तुमचं.

बाकीचं आता पटकन. आईंची काळजी करतेस, पण बाली बडोद्याला एडिसनपेक्षा जवळच आहे, एक-दोन विमानं बदलून येशील, फक्त न्येपीच्या दिवशी तिथला एअरपोर्ट चोवीस तास बंद असतो ते लक्षात ठेव. त्यांचं शक नववर्ष ते, आपल्या पाडव्याच्या आसपास येतं, २०२३ला तर दोन्ही २२ मार्चलाच होते. जेवणाचं काही अडत नाही, नारळ, भात, टोफू, टेंपे भरपूर, गोडा मसाला इथून ने. योगाचे क्लास घ्यायचं मात्र डोक्यातून काढ, रिटायरमेंट व्हिसावर कमाईचं काम चालत नाही आणि तिथे पकडून परत पाठवतात. तब्येतीचं, तर अमेरिकेबाहेर मेडिकेअर, म्हणजे तुमचा तो म्हातारपणचा सरकारी विमा, जवळजवळ काहीच देत नाही, तेव्हा इन्शुरन्स आधी आणि तिकीट नंतर, आणि मिस्टरांना सांग की लायसनशिवाय स्कूटर चालवली तर अपघाताचा क्लेमही नाकारतात.

राहिली मुलगी. तू लिहितेस, "ती चिडलीये, म्हणते तुम्ही मला विचारलंच नाही." बरोबरच आहे तिचं, तुमच्यामागे ते कागद तिलाच निस्तरायचे आहेत. या रविवारी तिला घरी बोलव आणि वकिलाचं ते बाड पहिल्या पानापासून तिच्यासमोर वाचा. १५ तारखेला टोकन पाठवायचं म्हणतेस ते थांबव, ड्रायव्हरला फोन करून गोड शब्दांत सांग की आमचा विचार बदललाय, आम्ही भाड्याने राहणार आहोत आणि गाडी तुझीच लावणार. टोकन आधीच गेलं असेल तर मला लगेच कळव, कुठल्या कागदावर काय सही केलीये त्याच्या फोटोसकट.